फोन घेण्याआधी गावाचा बँड विचारा

आत्याच्या नव्या फोनवर बोलता यायचं, पण नेट लागत नव्हतं. आम्ही सिम बदललं. मग नेट लागलं आणि बोलणं बंद झालं.

तिचं घर राजापूर तालुक्यात. फोन आतेभावाने अमेरिकेहून येताना आणलेला, तिकडचा मधल्या किमतीतला, पण आपल्या मानाने महाग. ठाण्याला आमच्याकडे दोन दिवस तो वायफायवर उत्तम चालला होता. गावी गेल्यावर आत्याचं जुनं सिम त्यात घातलं, तर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या आणि शेजारी बारीकसं ‘ई’ हे इंग्रजी अक्षर. फोन लागायचा, समोरचा आवाजही स्वच्छ यायचा. पण नातीचा फोटो उघडायला गेलं की चक्र नुसतं फिरत राहायचं. मग शेजारच्या घरातून दुसऱ्या कंपनीचं सिम मागून आणलं. ते घातल्या घातल्या ‘४जी’ उमटलं, फोटो भराभर उघडले. आत्याने हौसेने बहिणीला फोन लावला, तर रिंग जायच्या आधीच कट.

आतेभाऊ म्हणाला सिम खराब आहे. मी म्हणालो टॉवरचं काहीतरी आहे. आत्या दोनदा म्हणाली, “माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल रे.” तिच्या हातून काहीही झालं नव्हतं. सिम चांगलं होतं, टॉवर चांगला होता, फोनही चांगला होता. तो फोन फक्त त्या गावासाठी केलेला नव्हता. ज्यांना फोनमधलं काही कळत नाही असं आपण धरून चालतो, ती माणसं असा प्रत्येक बिघाड स्वतःच्या अंगावर घेतात, आणि ते मला फार लागतं. म्हणून हे सगळं नीट उलगडून लिहितोय.

बँड म्हणजे काय

घरातला जुना ट्रान्झिस्टर आठवा. ज्या सेटला फक्त एफएम आहे, त्यावर ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी लागणार नाही. सेट कितीही भारी असो, काटा कितीही फिरवा. मध्यम लहरी पकडायची सोयच आत नसेल तर तो बिचारा काय करणार? मोबाइलचंही अगदी तसंच आहे. टॉवर काही ठरावीक फ्रिक्वेन्सींवर बोलतो. फोनच्या आतले अँटेना आणि फिल्टर त्याच फ्रिक्वेन्सींसाठी बसवलेले असतील, तर दोघांचं जमतं. नसतील तर टॉवर शंभर पावलांवर असला तरी फोनच्या दृष्टीने तो तिथे नसतोच.

फ्रिक्वेन्सींच्या या पट्ट्यांना बँड म्हणतात. थ्रीजीपीपी ही जागतिक संस्था त्यांना क्रमांक देते. हे क्रमांक घर नंबरासारखे आहेत, त्यांच्यावरून लहान-मोठं किंवा हळू-जलद काही ठरत नाही. बँड ४० हा बँड ५ पेक्षा आठपट चांगला, असं अजिबात नाही. ४जीच्या बँडला नुसता आकडा असतो, ५जीच्या बँडला आकड्याआधी ‘एन’ लावतात.

आपल्याकडे ४जीसाठी वापरात असलेले बँड मोजकेच आहेत. ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८, ८५०चा ५, ९००चा ८, १८००चा ३, २१००चा १, २३००चा ४० आणि २५००चा ४१. झाले सात. फोन भारतात वापरायचा असेल तर १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ एवढं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

कोण कशावर चालतं, तेही पाहू. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर आहे. एअरटेल मुख्यतः १, ३, ८ आणि ४० वापरतं. व्होडाफोन-आयडियाचं १, ३, ८ आणि ४१. बीएसएनएलचं स्वदेशी बनावटीचं ४जी प्रामुख्याने २८ आणि १ वर. सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, बदललं की यात थोडा इकडेतिकडे फरक पडतो. दूरसंचार खात्याने देशाची २२ सर्कलं केली आहेत. गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो, आणि मुंबई, नवी मुंबई, ठाणे, कल्याण हा पट्टा मात्र वेगळं मुंबई सर्कल आहे. सातही बँड असलेला फोन असेल, तर ही भानगड लक्षात ठेवायची गरजच उरत नाही.

बँड ५ बद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सीडीएमए या वेगळ्या तंत्राचे फोन घरोघरी असायचे, ज्यांच्यात बऱ्याचदा वेगळं सिमच नसायचं आणि नंबर फोनलाच चिकटलेला असायचा. ते फोन याच ८५०च्या आसपासच्या पट्ट्यात चालायचे. फोन भंगारात गेले, पट्टा राहिला. आज खेड्यापाड्यातल्या कितीतरी घरांत ४जी पोचतं ते याच पट्ट्यावरून.

ढोल आणि झांज

शिमग्यात पालखी दुसऱ्या वाडीत असते, तेव्हा आपल्या अंगणात आधी काय ऐकू येतं? ढोल. झांजा ऐकू येतात त्या पालखी वळणावर आल्यावर. वाजत दोन्ही एकाच वेळी असतात, पण ढोलाचा खालचा सूर टेकडी, झाडं, घरं यांना वळसा घालून लांबवर पोचतो. झांजेचा उंच सूर वाटेतच विरतो.

रेडिओ लहरींचा स्वभाव बराचसा असाच आहे. ८५० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३५ सेंटीमीटर लांब, म्हणजे दीड वितीएवढी. २३००ची १३ सेंटीमीटर. ५जीच्या ३३००ची जेमतेम ९. लहर जितकी लांब, तितकी ती अडथळ्याला वळसा घालून पुढे सरकते आणि भिंतीतूनही कमी झिजून आत येते. जांभ्याच्या चिऱ्याची भिंत हातभर जाड असते, आणि पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन बसला की लहर आणखी शोषली जाते. आत्याच्या माजघरात २३०० पोचायची आशा करण्यात अर्थ नाही. तिथे पोचला तर ८५०, ९०० किंवा ७००च पोचणार.

मग सगळ्या कंपन्या खालच्याच पट्ट्यांवर का नाही चालत? कारण खालचे पट्टे अरुंद असतात. २०२२ मध्ये जुलैअखेरीस सुरू होऊन १ ऑगस्टला संपलेल्या, या पट्ट्यांच्या सरकारी लिलावात जिओने प्रत्येक सर्कलमध्ये ७००च्या पट्ट्यात जाण्याचे १० आणि येण्याचे १० मेगाहर्ट्झ घेतले, आणि ३३००च्या पट्ट्यात १००. घाटातला एकेरी रस्ता आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांच्यात जो फरक, तोच इथे. घाटरस्ता गावापर्यंत जातो, पण त्यावरून एका वेळी थोड्याच गाड्या जाणार. द्रुतगती मार्गावर गाड्या सुसाट, पण तो काही तुमच्या वाडीत येत नाही. म्हणून शहरात वरचे पट्टे लागतात, कारण माणसं फार. आणि गावात खालचे लागतात, कारण अंतर फार.

७००च्या पट्ट्याची किंमत इतकी होती की २०१६ आणि २०२१ या दोन्ही लिलावांत त्याला कोणी हात लावला नाही. २०२२ मध्येही खासगी कंपन्यांपैकी एकट्या जिओने तो घेतला. त्या लिलावात जिओने एकूण ८८,०७८ कोटी रुपये लावले. एवढा पैसा ज्या गोष्टीसाठी मोजला जातो, ती आपल्या फोनला ऐकू येते की नाही हे विकत घेताना एकदा पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईत चालला म्हणजे गावी चालेल असं नाही

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे, म्हणून जरा थांबून सांगतो.

दादरच्या किंवा पनवेलच्या दुकानात तुम्ही फोन हातात घेता, स्वतःचं सिम घालता, यूट्यूब लावून बघता. झकास चालतं. कारण त्या रस्त्यावर कंपनीचे सगळे बँड एकावर एक पसरलेले आहेत. फोनला त्यातला एक जरी कळला तरी काम भागतं. तुम्ही खूश होऊन फोन गावी आईला पाठवता. गावी मात्र त्या कंपनीचा एकच टॉवर, तोही पलीकडच्या डोंगरावर, आणि घरापर्यंत पोचणारा बँड एकच. नेमका तोच फोनमध्ये नसेल, तर आईचा फोन ‘नो सर्व्हिस’ दाखवत बसतो. आणि मुंबईत आपण म्हणतो, “आमच्याकडे तर छान चालत होता.”

युरोपात विक्रीसाठी केलेल्या बऱ्याच जुन्या ४जी फोनमध्ये १, ३, ७, ८, २० असे बँड असायचे. तिकडे ते भरपूर झाले. इथे असा फोन घेऊन त्यात जिओचं सिम घातलं, तर जमण्यासारखा बँड उरतो फक्त ३. पुण्यात दिवसभर काही जाणवणार नाही. ताम्हिणी उतरून कोकणाकडे लागलात की फोन गप्प. त्याच फोनमध्ये व्होडाफोन-आयडियाचं सिम घातलंत तर १, ३ आणि ८ असे तीन जमतात, आणि ९००चा बँड ८ गावापर्यंत साथ देतो. फोन तोच, गाव तेच; सिम बदललं आणि निकाल बदलला.

म्हणून फोन कोणासाठी घेताय यापेक्षा तो कुठे ठेवला जाणार आहे, हे आधी ठरवा. पुण्यातल्या मुलीच्या हातात राहणार असेल तर ३, ४०, ४१ यांना महत्त्व. गावच्या ओटीवर चार्जिंगला लावून ठेवला जाणार असेल तर ५, ८ आणि २८ यांच्याशिवाय तो घेऊ नका.

बीएसएनएल वापरणाऱ्यांनी २८ कडे विशेष लक्ष द्यावं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं देशभरासाठी उद्घाटन झालं, आणि ज्या दुर्गम भागात दुसरं काही नाही तिथे हाच आधार आहे. पण काही वर्षांपूर्वीच्या कितीतरी स्वस्त ४जी फोनमध्ये बँड २८ दिलेलाच नव्हता, कारण तेव्हा इथे तो कोणी वापरत नव्हतं. असा फोन घेऊन बीएसएनएलमध्ये पोर्ट केलं की माणूस म्हणतो, “टॉवर समोर दिसतोय आणि रेंज नाही.”

एक नाव, अनेक फोन

आतेभावाने फोन घेताना नेटवर त्याची माहिती वाचली होती. नाव तेच होतं. मग चुकलं कुठे?

कंपन्या एकाच नावाने वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळे फोन करतात. बाहेरून तंतोतंत सारखे, आतले बँड वेगळे. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२३ घ्या. आपल्याकडे मिळतो त्याचा मॉडेल क्रमांक एस९११ आणि शेवटी ‘बी’. अमेरिकेतल्याचा शेवट ‘यू’ने, कोरियातल्याचा ‘एन’ने. जाहिरातीत तिघेही एस२३च. आयफोनचंही असंच. मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या ‘/ए’च्या आधी ‘एलएल’ असेल तर तो अमेरिकेसाठी, ‘एचएन’ असेल तर भारतासाठी. महागड्या फोनमध्ये हल्ली जगभरचे बहुतेक बँड असतात, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही. अडतं ते मधल्या आणि स्वस्त फोनमध्ये, कारण तिथे कंपनी एकेका बँडचा खर्च वाचवते.

अमेरिकेचं प्रकरण मुळातच वेगळं आहे. मोबाइल सुरू झाले तेव्हा युरोप, आफ्रिका आणि आशियाचा मोठा भाग ९०० आणि १८०० वर गेला. अमेरिकेत ८५० आणि १९०० होते. पुढे ४जी आलं तेव्हा तिकडे २, ४, १२, १३, १७, ६६, ७१ असे आकडे आले, ज्यातला एकही आपल्याकडे नाही. ७००चा पट्टा दोन्हीकडे आहे असं वाचून फसू नका. त्यांचे ७००मधले १२, १३, १७ आणि आपला २८ यांची आतली आखणी वेगळी आहे. दोन्हीकडे जुळणारा एक महत्त्वाचा बँड म्हणजे ५.

आता आत्याच्या फोनचं कोडं उकलता येईल. त्यात आपल्या यादीतला ४जीचा एकच बँड होता, ५. तिच्या जुन्या सिमची कंपनी तिथे ५ वर नव्हतीच, त्यामुळे फोनने त्या कंपनीचं २जी पकडलं. २जीवर बोलता येतं. नेट मात्र ‘ई’, म्हणजे एज या २जीवरच्या नेटच्या वेगाचं, ज्यात आजचा एक फोटो उघडेपर्यंत चहा होतो. शेजारच्या सिमची कंपनी ५ वर होती, म्हणून ४जी लगेच लागलं. मग बोलणं का बंद पडलं?

बँड असूनही बोलता येत नाही तेव्हा

२जी, ३जीमध्ये बोलण्यासाठी वेगळी वाट असायची. ४जीमध्ये ती नाही. तिथे आवाजसुद्धा नेटसारखाच तुकड्यातुकड्यांनी जातो, त्याला व्होल्टी म्हणतात. व्होल्टी चालायला फोनमध्ये त्या त्या कंपनीची सेटिंग आधीच भरलेली असावी लागते, आणि ती भरायचं काम फोन बनवणारी कंपनी करते. ज्या देशासाठी फोन केला, त्या देशातल्या कंपन्यांची सेटिंग ती भरते. दुसऱ्या देशातल्यांची भरेलच असं नाही.

आत्याच्या फोनमध्ये आपल्याकडच्या व्होल्टीची सेटिंग नव्हती. त्यामुळे दुसऱ्या सिमवर नेट धावत होतं, व्हॉट्सॲपवरून बोलणंही होत होतं, पण साधा फोन लागत नव्हता. जिओकडे २जी-३जी कधी नव्हतंच, सगळं बोलणं पहिल्यापासून व्होल्टीवर. इतर कंपन्यांच्या फोनला निदान २जीवर उतरायची सोय अजून आहे. पण ती कायमची धरू नका. एअरटेलने ३जी २०२०च्या सुमारास बंद केलंच.

व्हॉट्सॲपवर बोलणं होतंय ना, मग काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. रात्री दोन वाजता १०८ला फोन लावायचा असतो तेव्हा व्हॉट्सॲप कामाला येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या घरात साधा फोन लागलाच पाहिजे.

म्हणून परदेशी फोनच्या बाबतीत दोन प्रश्न विचारायचे. आपले बँड आहेत का? आणि आपल्या कंपनीचं व्होल्टी त्यावर चालतं का? पहिल्याचं उत्तर कागदावर मिळतं. दुसऱ्याचं खात्रीचं उत्तर सिम घालून, वायफाय बंद करून आणि डेटा चालू ठेवून, साधा फोन लावल्यावरच मिळतं. फोन लावताना वरचं ४जी हे अक्षर टिकून राहिलं तर व्होल्टी चालू आहे. एकदम २जी किंवा ‘ई’ झालं तर नाही.

अमेरिकेहून येणाऱ्या फोनच्या आणखी दोन अडचणी. तिकडे कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला फोन त्या कंपनीला बांधलेला असतो. हप्ते फेडून तो अनलॉक केल्याशिवाय इथलं सिम घेत नाही. आणि अमेरिकेतल्या आयफोनला १४पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम. जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया ई-सिम देतात, पण गावच्या माणसाला सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सवय असते. ती सोय गेली हे आधी सांगून ठेवावं. आखातातून येणारे फोन त्या मानाने सुखाचे. तिकडची बँडची रचना आपल्याला पुष्कळ जवळची आहे. तरी मॉडेल क्रमांक पाहावाच.

५जीचं थोडक्यात

१ ऑक्टोबर २०२२ला देशात ५जी सुरू झालं. पाहायचे बँड दोन: एन७८, म्हणजे ३३००चा रुंद पट्टा, जो जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया तिघेही वापरतात; आणि एन२८, म्हणजे ७००चा लांब पल्ल्याचा, जो जिओकडे आहे. २६ गिगाहर्ट्झचाही एक पट्टा विकला गेला, पण फोन निवडताना त्याचा विचार करायचं कारण नाही. २०२०-२१ मध्ये ‘५जी फोन’ म्हणून विकल्या गेलेल्या काहींमध्ये एन७८ हा एकच ५जी बँड होता. सेकंडहँड बाजारात ते आज बरेच दिसतात. शहरात चालतील.

जिओचं ५जी स्वतंत्र उभं आहे. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या आधारावर उभ्या असलेल्या ५जीने. त्यामुळे फोनला ‘एसए’ (स्वतंत्र) आणि ‘एनएसए’ (४जीच्या आधाराचं) दोन्ही यायला हवं. नव्या फोनना येतं. इथेही बँड असणं पुरत नाही, कंपनीने सॉफ्टवेअरमधून दार उघडावं लागतं. आयफोन १२ पासूनचे सगळे ५जीचे होते, पण भारतात त्यांच्यावर ५जी सुरू झालं ते डिसेंबर २०२२ मध्ये, आयओएस १६.२ आल्यावर.

आणि गावात ५जी आलेलंच नसेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा ४जीचे सातही बँड असलेला फोन घ्यावा. निदान माझं तरी हेच मत आहे.

प्रत्यक्ष कसं तपासायचं

फोन हातात असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा आणि पूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. आयफोनवर ‘जनरल’मध्ये ‘अबाउट’, आणि तिथल्या मॉडेल क्रमांकावर एकदा बोट ठेवलं की ‘ए’ने सुरू होणारा दुसरा क्रमांक दिसतो; बँड शोधायला तो लागतो. मग कंपनीच्याच संकेतस्थळावर त्या क्रमांकाचं पान काढून बँडची यादी आपल्या कागदाशी ताडून पाहा. ऑनलाइन विक्रीच्या पानावर नुसतं ‘४जी, ५जी चालतं’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. दुकानदाराला “यात बँड २८ आहे का?” असं विचारलंत तर बऱ्याचदा तो “सगळं चालतं” म्हणेल. खोक्यावरचा क्रमांक मागा.

गावात कोणता बँड पोचतो हे कळायला मात्र गावी जावं लागतं, किंवा गावातल्या कोणाला तरी कामाला लावावं लागतं. नेटमॉन्स्टरसारखं ॲप घातलं की फोन या क्षणी कोणत्या बँडवर आहे ते सरळ दिसतं. ॲप नको असेल तर बऱ्याच अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* आणि सॅमसंगवर *#००११# फिरवून पाहा. आयफोनवर *३००१#१२३४५#* फिरवून फोन लावायचं बटण दाबायचं. काही फोन तिथे बँडऐवजी चॅनलचा लांबलचक आकडा दाखवतात. तो २४०० ते २६४९ असेल तर बँड ५. १२०० ते १९४९ असेल तर ३. ३४५० ते ३७९९ असेल तर ८. ९२१० ते ९६५९ असेल तर २८. आणि ३८६५० ते ३९६४९ असेल तर ४०.

हे सगळं अंगणात करू नका. जिथे फोन खरा वापरला जातो तिथे करा, म्हणजे माजघरात, स्वयंपाकघरात, दार लावून. आत्याच्या अंगणात माझा इथला फोन बँड ३ वर असायचा. उंबरा ओलांडून आत आलं की ५ वर यायचा, आणि आतल्या खोलीत दोनच दांड्या उरायच्या. घरात ब्रॉडबँड असेल तर वायफायवरून साधा फोन लावायची सोयही चालू करून घ्या, चिऱ्याच्या घरात ती वरदान आहे. पण त्यालाही फोनमध्ये आपल्या कंपनीची सेटिंग भरलेली असावी लागते.

सेकंडहँड घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, काढा, आणि इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मध्ये जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ला पाठवा. सरकारी यादीत त्या क्रमांकाचा फोन कोणता हे उत्तरात येतं. हातातला फोन आणि उत्तरातला फोन वेगळे असतील तर व्यवहार तिथेच थांबवा.

उलट्या दिशेने जाणाऱ्यांसाठीही हेच सगळं लागू आहे. शिकायला अमेरिकेला निघालेल्या मुलाला इथून नवा फोन घेऊन देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. भारतासाठी केलेल्या स्वस्त फोनमध्ये १२, १३, ६६, ७१ बऱ्याचदा नसतात, आणि तिकडच्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्येच बंद केलं. वसतिगृहाच्या खोलीत रेंज नसते आणि पोरगं नवं असतं. त्याला तिकडे जाऊनच फोन घेऊ द्या.

आत्यासाठी आम्ही शेवटी राजापूरच्या बाजारातून आतेभावाच्या फोनच्या पाव किमतीचा एक फोन घेतला. सातही बँड होते. पहिला फोन तिने माजघरातूनच लावला, बहिणीला, आणि पंचवीस मिनिटं बोलली. अमेरिकेतून आलेला फोन आता फोटो काढायला आणि वायफायवर भजनं ऐकायला वापरते.

यंदा मे महिन्यात आतेभाऊ पुन्हा येतोय. गेल्या आठवड्यात त्याने मला नाव न लिहिता नुसता मॉडेल क्रमांक पाठवला, शेवटच्या अक्षरासकट, आणि खाली विचारलं, “यात २८ आहे. व्होल्टीचं कसं बघू?”